ऑटोमेशन आणि रोबो टेक्निशियनची नोकरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयटीआय आणि तंत्रनिकेतनाची मुलं-मुली, त्यांचे पालक आणि कारखान्यात आधीच घाम गाळणारी मंडळी, तिघांकडूनही फिरून फिरून येणारे हे प्रश्न आहेत. उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातल्या औद्योगिक पट्ट्यांना धरून दिली आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ऑटोमेशन टेक्निशियन म्हणजे रोबो चालवणारा माणूस का?

नाही. सेलमध्ये, म्हणजे रोबो आणि त्याच्या भोवतीच्या मशीनच्या जागेत, जॉब (घडवायचा भाग) लावून सायकल स्टार्टचं बटण दाबतो तो ऑपरेटर. सेल बंद पडला की ज्याच्या नावाने हाका सुरू होतात तो टेक्निशियन. त्याच्याकडे रोबो असतोच, पण त्याहून मोठा पसारा आजूबाजूचा असतो: कन्व्हेयर, सिलिंडर, सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडझाप होणारा), सेन्सर, सर्व्हो मोटर, व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण), पीएलसी (मशीनला क्रमाने काम करायला लावणारा कारखान्यातला संगणक) आणि हे सगळं जोडणारं पॅनेल. खरं सांगायचं तर लाइन थांबते तेव्हा दोष बहुतेक वेळा रोबोत नसतोच. वस्तू जवळ आल्याचं ओळखणाऱ्या प्रॉक्सिमिटी सेन्सरवर वेल्डिंगचा स्पॅटर (उडालेले धातूचे थेंब) चिकटलेला असतो, केबल चेनमध्ये एखादी तार आतून तुटलेली असते, किंवा हवेचा दाब उतरल्याने जॉब पकडणारा क्लॅम्प पूर्ण बसलेला नसतो आणि रोबो बिचारा सिग्नलची वाट बघत उभा असतो. तो दोष झटपट शोधून लाइन परत चालू करणं हेच मुख्य काम, आणि पगार त्याचाच मिळतो.

२. दहावी झाली. आयटीआय, डिप्लोमा की अकरावी सायन्स?

याच क्षेत्रात यायचं पक्कं असेल तर अकरावी-बारावीचा वळसा घेण्यात फारसा अर्थ नाही. तीन वर्षं शिकवण्याची घरची ताकद असेल तर डिप्लोमा: इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंटेशन, इलेक्ट्रॉनिक्स किंवा मेकॅट्रॉनिक्स (मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र). लवकर कमावणं गरजेचं असेल तर आयटीआय. आयटीआय केलं म्हणजे पुढचं शिक्षण संपलं, ही भीती अजूनही घराघरांत आहे आणि ती चुकीची आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्यांना डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. हा रस्ता लांबचा वाटतो, पण यातून आलेल्या मुलाचा हात पॅनेलवर बसलेला असतो, आणि सुपरवायझरला ते पहिल्या दिवशी कळतं.

३. आयटीआयमध्ये 'रोबोटिक्स' नावाचा ट्रेड घेऊ की जुना इलेक्ट्रिशियन?

'इंडस्ट्रियल रोबोटिक्स अँड डिजिटल मॅन्युफॅक्चरिंग टेक्निशियन' हा ट्रेड एक वर्षाचा आहे. जिथे खरोखर रोबो बसवलेला आहे आणि शिकवणारा निदेशक आहे, तिथे तो चांगला. प्रवेशाआधी एकदा वर्कशॉपमध्ये जाऊन रोबो चालू आहे की प्लास्टिकच्या आवरणाखाली झाकून ठेवला आहे, ते डोळ्यांनी बघा.

तरी मला विचाराल तर पहिली पसंती दोन वर्षांच्या ट्रेडला: वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन), इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक किंवा टेक्निशियन मेकॅट्रॉनिक्स. एक कारण प्रश्न २ मध्ये आलंच आहे, थेट दुसऱ्या वर्षाचा डिप्लोमा दोन वर्षांच्या ट्रेडवर मिळतो. दुसरं कारण सरकारी भरतीचं. महावितरणच्या विद्युत सहाय्यक पदासाठी वीजतंत्री किंवा तारतंत्री (वायरमन) लागतो, तिथे रोबोटिक्सचं प्रमाणपत्र उपयोगाचं नाही. वीज आधी शिकलेला मुलगा रोबो नंतर शिकतो. उलट क्रमाने शिकलेले पॅनेल उघडताना दचकतात.

४. 'पीएलसी-स्काडा, शंभर टक्के प्लेसमेंट' असा क्लास लावू का?

क्लास वाईट नसतात, जाहिराती वाईट असतात. (स्काडा म्हणजे संगणकाच्या पडद्यावरून सगळ्या मशीनवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर.) पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. एका किटवर किती मुलं बसतात? प्रत्यक्ष मोटर, सेन्सर, व्हीएफडी जोडायला मिळतो, की नुसते स्क्रीनवर दिवे लावायचे? आणि मागच्या बॅचमधली दोन मुलं आज कुठे कामाला आहेत, त्यांच्याशी बोलता येईल का? तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली की उठून या. 'प्लेसमेंट' म्हणजे पुष्कळदा ठेकेदाराकडची ऑपरेटरची जागा असते, जी क्लासशिवायही मिळाली असती. कर्ज काढून क्लास लावू नका. आधी प्रश्न ६ मधला फुकटचा सराव करून बघा, गोडी लागते का ते कळेल.

५. कुठला पीएलसी आणि कुठला रोबो शिकावा?

ज्या पट्ट्यात नोकरी करायची तिथे जे चालतं ते. वाहन उद्योगात सीमेन्स, मित्सुबिशी आणि ॲलन-ब्रॅडली भेटतात; छोट्या मशीन बनवणाऱ्यांकडे डेल्टा खूप दिसतो. रोबोत फॅनक, कुका, एबीबी आणि यास्कावा ही चार नावं पुन्हा पुन्हा येतील. प्रत्येकाची भाषा वेगळी: कुकाची केआरएल, एबीबीची रॅपिड, यास्कावाची इन्फॉर्म. पण फ्रेम (जागा मोजायचे अक्ष), टूल सेंटर पॉइंट (हत्याराचं टोक), जॉइंट आणि लिनियर मूव्ह (सांध्यांनी किंवा सरळ रेषेत हलणं), इनपुट-आउटपुटची हातमिळवणी (मशीनशी सिग्नलची देवाणघेवाण) हे सगळीकडे सारखंच. एक रोबो आणि एक पीएलसी नीट मुरवा. दुसरा शिकायला मग महिने लागत नाहीत. बायोडेटात सात ब्रँड लिहून मुलाखतीत एकाचाही प्रोग्रॅम वाचता न येणारी मुलं दर आठवड्याला भेटतात.

६. घरी लॅपटॉपवर सराव होऊ शकतो का?

बराचसा. कोडेसिस हे पीएलसी प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे. डेल्टाची पीएलसी सॉफ्टवेअर फुकट उतरवता येतात. सीमेन्सच्या पीएलसी सॉफ्टवेअरची, टीआयए पोर्टलची, २१ दिवसांची चाचणी प्रत मिळते आणि त्यात सिम्युलेटरवर प्रोग्रॅम चालवून पाहता येतो. रोबोसाठी एबीबीचं रोबोस्टुडिओ किंवा रोबोडीके यांच्या चाचणी प्रतींवर सुरुवात करा. लॅडरमध्ये (पीएलसीची शिडीसारखी दिसणारी चित्रभाषा) मोटरचं स्टार्ट-स्टॉप लॅचिंग (बटण सोडल्यावरही मोटर चालू ठेवणं), मग टायमरवर स्टार-डेल्टा (मोठी मोटर हळू सुरू करायची जोडणी), मग दोन सिलिंडरचा क्रम, मग ट्रॅफिक सिग्नल: या पायऱ्या जुन्या आहेत पण पक्क्या आहेत. स्क्रीनवर शिकता न येणारी गोष्ट एकच, ती म्हणजे मल्टिमीटर. त्यासाठी ओळखीच्या पॅनेलवाल्याकडे सुट्टीत जाऊन बसा. भोसरीत, अंबडला, वाळूजला अशी शेकडो छोटी वर्कशॉप आहेत आणि हाताखाली पोरगा हवाच असतो.

७. नोकऱ्या नेमक्या कुठे आहेत?

पुण्याच्या उत्तरेचा चाकण-तळेगाव-रांजणगाव पट्टा सगळ्यांत दाट. चाकणला महिंद्र, बजाज, मर्सिडीज-बेंझ, फोक्सवॅगन. तळेगावला जनरल मोटर्सचा जुना कारखाना आता ह्युंदाईकडे. छत्रपती संभाजीनगरात वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा. नाशिकला सातपूर-अंबड. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांमध्ये तापलेलं कास्टिंग उचलायचं काम हळूहळू रोबोकडे जातं आहे. नागपूरला बुटीबोरी. गोव्यात वेर्ण्याच्या औषध कंपन्यांमध्ये पॅकिंग लाइन आणि इन्स्ट्रुमेंटेशनची माणसं लागतात. तिथे रोबोपेक्षा कागदपत्रांची शिस्त जास्त बघतात.

फक्त वाहन कारखान्यांकडे बघू नका. गाड्यांचा बाजार बसला की पहिली कुऱ्हाड कंत्राटी माणसांवर पडते. दूध, औषध, शीतपेय, टायर, पॅकेजिंग यांच्या लाइन मंदीतही चालतात. आणि मोठ्या गेटवर रांग लावण्यापेक्षा त्याच कंपन्यांना जिग-फिक्स्चर (जॉब पक्का धरायचे साचे), पॅनेल आणि रोबो सेल बनवून देणाऱ्या, शे-दीडशे माणसांच्या इंटिग्रेटरकडे फ्रेशरला संधी लवकर मिळते.

८. पगार किती? खरा आकडा सांगा.

ढोबळ सांगतो, कारण कंपनी, पट्टा आणि रोल यांनी फार फरक पडतो. पुणे पट्ट्यात आयटीआय किंवा डिप्लोमाच्या फ्रेशरला कंत्राटावर हातात साधारण १५ ते २० हजार पडतात. चार-पाच वर्षांनी जो स्वतः चालू पीएलसीला लॅपटॉप जोडून दोष काढतो आणि रोबोचा प्रोग्रॅम बदलतो, त्याला ३५ ते ५० हजारांची मागणी करता येते. ज्याने त्या वर्षांत फक्त सेन्सर बदलले, तो २५ च्या आसपास अडकतो.

ऑफर लेटर वाचताना सीटीसीवर (कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च) भाळू नका. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, कधी कॅन्टीन आणि बसचे पैसेही मिसळलेले असतात. 'इन हँड किती आणि बेसिक किती' हे सरळ विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. दरमहा २१ हजारांपर्यंतच्या वेतनाला ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागू होतं, त्याचं कार्ड मागून घ्या. ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट दराने मिळायला हवा; 'कॉम्प ऑफ (बदली सुट्टी) घे' हे त्याला उत्तर नाही.

९. कंपनीत मेंटेनन्सला राहणं बरं, की इंटिग्रेटरकडे कमिशनिंगला?

सुरुवातीची तीन वर्षं कमिशनिंग, म्हणजे ग्राहकाकडे नवी मशीन बसवून चालू करून देणं, असं माझं स्पष्ट मत आहे. दर दोन-तीन महिन्यांनी नवी मशीन, नवा ब्रँड, शून्यापासून उभी राहिलेली लाइन. आज सानंद, उद्या होसूर, परवा हरिद्वार. लॉजवर राहायचं, ग्राहकाच्या शिव्या खायच्या, रात्री दोन वाजता ट्रायल. तेवढ्यात जे शिकता ते मेंटेनन्सला दहा वर्षांत शिकायला मिळत नाही.

पण हे सगळ्यांना झेपत नाही, आणि झेपलंच पाहिजे असंही नाही. घरी आजारी माणूस असेल, शेतीकडे बघायचं असेल, तर पाळ्या ठरलेल्या, बस दारात येणारी मेंटेनन्सची नोकरी जास्त शहाणपणाची. तिथेही शिकता येतं, एक सवय लावली तर: ब्रेकडाऊन मिटल्यावर घाईने चहाला न जाता, दोष कुठे होता आणि कसा सापडला हे वहीत लिहायचं. तिसरा मार्ग रोबो किंवा ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिस विभागाचा. तिथे प्रशिक्षण उत्तम मिळतं, पण प्रवेश अवघड आणि सहसा डिप्लोमापासून पुढे.

१०. अप्रेंटिसशिप केली तर कंपनी कायम करते का?

बंधन नाही. शिकाऊ उमेदवारी कायदा, १९६१ नुसार प्रशिक्षण संपल्यावर कोणाला घ्यायचं हे कंपनी तिच्या धोरणाप्रमाणे ठरवते. तरीही करा. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्राला सरकारी आणि निमसरकारी भरतीत मान आहे, आणि एक वर्ष मोठ्या कारखान्याची शिस्त अंगवळणी पडते.

सावध राहायचं ते एका गोष्टीत. करारावर 'मेंटेनन्स' आणि प्रत्यक्षात वर्षभर असेंब्ली लाइनवर बोल्ट आवळायला उभं केलं, असं सर्रास होतं. पहिल्या महिन्यातच सुपरवायझरला आणि एचआरला लेखी विचारा. शेवटच्या महिन्यात विचारून उपयोग नसतो.

११. मुलाखतीत काय विचारतात?

पुस्तकी व्याख्या कमी, कारणं जास्त. नेहमीचे काही प्रश्न बघा.

'इमर्जन्सी स्टॉपचा संपर्क एनसी का वापरतात?' एनसी संपर्क एरवी जोडलेला असतो, एनओ एरवी उघडा. तार तुटली किंवा निसटली तरी मशीन थांबलं पाहिजे म्हणून एनसी. एनओ वापरला तर तार तुटल्याचं कुणाला कळणारच नाही आणि नेमकं गरजेच्या वेळी बटण काम करणार नाही.

'सेन्सरचा सिग्नल ४ ते २० मिलिअँपिअर का, ० ते २० का नाही?' शून्य आलं तर टाकी रिकामी आहे की तार तुटली, हे ओळखता येत नाही. ४ च्या खाली गेलं की दोष सर्किटमध्ये आहे हे ठरतं.

'पीएनपीच्या जागी एनपीएन सेन्सर लावला तर?' पीएनपी आउटपुटला चोवीस व्होल्ट देतो, एनपीएन शून्याला जोडतो. पीएलसीचं इनपुट कार्ड एकाच प्रकारासाठी जोडलेलं असेल तर सेन्सरवरचा दिवा लागेल, पीएलसीवरचा लागणार नाही. युरोपीय मशीनवर पीएनपी आणि जुन्या जपानी मशीनवर एनपीएन भेटतो, हे सांगितलंत तर समोरचा खुर्चीत सावरून बसतो.

'फॅनक रोबोच्या बॅटऱ्या कशा बदलाल?' कंट्रोलर चालू ठेवून, इमर्जन्सी दाबून. बंद रोबोतून बॅटऱ्या काढल्या तर एन्कोडर (सांध्यांची स्थिती मोजणारे सेन्सर) आपली जागा विसरतात, पेंडंटवर (रोबो हाताळायचा हातातला पॅनेल) एसआरव्हीओ-०६२ अलार्म येतो आणि मास्टरिंग (सांध्यांची मूळ जागा ठरवणं) नव्याने करावं लागतं. मग शिकवलेले पॉइंट सरकलेत का, हे एकेक करून तपासत बसायचं. त्याआधी बॅटरी उतरत आल्याचा ०६५ येत असतो, तो दुर्लक्षित कुणी केला यावर दुसऱ्या दिवशीची मीटिंग रंगते.

याखेरीज कागदावर एक सर्किट ड्रॉइंग समोर ठेवून 'मोटर चालू होत नाही, कुठून सुरुवात कराल?' असं विचारतात. 'आधी ऑपरेटरला विचारीन, काय झालं होतं' ही सुरुवात केलीत तरी निम्मी मुलाखत जिंकली.

१२. इंग्रजी बोलता येत नाही. अडेल का?

बोलण्यावाचून फारसं अडत नाही. चाकणच्या शॉप फ्लोअरवर मराठी-हिंदीत काम चालतं. वाचता मात्र आलंच पाहिजे. अलार्म, मॅन्युअल, ड्रॉइंग सगळं इंग्रजीत असतं. रोज एका मॅन्युअलचं एक पान वाचा आणि अडलेले शब्द वहीत उतरवा. दोनशे-तीनशे शब्दच पुन्हा पुन्हा येतात.

१३. मुलींना या कामात घेतात का?

घेतात, आणि पूर्वीपेक्षा बरंच जास्त. बजाज ऑटोने चाकणला २०१० पासून माणसाच्या शेजारी काम करणारे छोटे कोबॉट आणले, आणि त्या असेंब्लीवर मुली मोठ्या संख्येने आहेत. प्रोग्रॅमिंग, पॅनेल डिझाइन, व्हिजन सिस्टिम (कॅमेऱ्याने तपासणी), इन्स्ट्रुमेंटेशन इथे वजन उचलण्याचा प्रश्नच येत नाही. अडचण येते ती कमिशनिंगच्या दौऱ्यांत आणि रात्रपाळीत. रात्रपाळीला तुमची संमती लागते, आणि ने-आण व सुरक्षेची व्यवस्था कंपनीने करायची असते. मुलाखतीत 'लग्नानंतर काय करणार' असं विचारलं तर उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. एवढं मात्र खरं की काही ठेकेदार मुलींना मेंटेनन्सऐवजी परस्पर क्वालिटीत टाकतात. पद ऑफर लेटरवर लिहून घ्या.

१४. मी पस्तिशीचा वेल्डर आहे. आता रोबोकडे वळता येईल?

तुमच्यासारखी माणसं खरं तर कमी पडतात. रोबोला टॉर्च कुठल्या कोनात धरायची, कुठे करंट कमी करायचा, गॅप वाढला तर वेग किती ठेवायचा, हे कुणीतरी सांगावं लागतं. बटणं शिकलेल्या पोराला वेल्ड कळत नाही. त्याचा पॉइंट बरोबर असतो पण पेनिट्रेशन (वेल्ड धातूत खोल मुरणं) नसतं. तुम्हांला वेल्ड दिसल्याबरोबर कळतो. बटणं शिकायला काही आठवडे पुरतात.

कंपनीत रोबो सेल येणार असल्याची कुणकुण लागली की आधीच सुपरवायझरला सांगून ठेवा. इंटिग्रेटरची माणसं सेल उभारायला येतात तेव्हा त्यांच्याजवळ राहा. रोबो विकत घेताना ग्राहकाच्या माणसांचं प्रशिक्षण सौद्यातच ठरवून घेतात, त्या यादीत तुमचं नाव घालून घ्या. सीएनसी ऑपरेटरलाही हेच लागू, कारण मशीनमध्ये जॉब भरणारे रोबो वाढत आहेत.

१५. रंगांधळेपणा आहे. हे क्षेत्र बंदच समजू का?

पूर्ण बंद नाही, पण आधीच तपासून घ्या. तारांचे रंग, पॅनेलवरचे लाल-हिरवे दिवे यामुळे वायरिंग आणि मेंटेनन्सच्या मेडिकलमध्ये पुष्कळ कंपन्या नापास करतात. रेल्वेसारख्या भरतीत तर नियमच कडक आहेत. प्रोग्रॅमिंग, डिझाइन, स्काडा इथे तेवढी अडचण नाही. दोन वर्षं शिकून मेडिकलला कळण्यापेक्षा प्रवेशाआधी नेत्रतज्ज्ञाकडे जा.

१६. कंपनी बॉण्ड मागते आणि मूळ मार्कशीट ठेवून घेते. देऊ का?

मूळ कागदपत्रं देऊ नका. दाखवा, पडताळू द्या, साक्षांकित प्रती द्या. बॉण्डची गोष्ट थोडी वेगळी. 'बॉण्डला कोर्टात काही अर्थ नसतो' असं मित्र सांगतील, पण २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात ठरावीक काळ नोकरी किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. कुणी तुम्हांला जबरदस्तीने कामावर ठेवू शकत नाही, मात्र कंपनीने तुमच्या प्रशिक्षणावर खरोखर खर्च केला असेल तर वाजवी भरपाई मागता येते. म्हणून रक्कम, मुदत आणि प्रशिक्षण कोणतं, हे तिन्ही लिहिलेलं असेल तरच सही करा. प्रशिक्षण काहीच नाही आणि रक्कम मोठी, तर दुसरी नोकरी बघा.

१७. प्रॉडक्शनवाले सेफ्टी गेट बायपास करायला सांगतात. नाही म्हटलं तर नोकरी जाईल?

हा प्रश्न गमतीचा नाही. २०१५ साली हरियाणात मानेसरच्या एका कारखान्यात रोबोजवळ गेलेल्या तरुण कामगाराचा जीव गेला. टीच मोडमध्ये (रोबोला हालचाल शिकवताना) रोबोचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरपर्यंत मर्यादित असतो आणि पेंडंटमागचा स्विच सोडला की तो थांबतो. ऑटो मोडमध्ये (रोबो आपोआप चालू असताना) गेट स्विचला जंपर मारून, म्हणजे तार जोडून तो निकामी करून, आत गेलात तर यातलं काहीही तुम्हांला वाचवत नाही. क्लॅम्पच्या सिग्नलसाठी थांबलेला रोबो मेलेला नसतो. तुम्ही सेन्सर पुसलात की त्याला सिग्नल मिळतो आणि तो निघतो.

भांडू नका, लेखी मागा. 'सर, गेट बायपास करायचं मेलवर कळवा, लगेच करतो' एवढं म्हटलं की बहुतेक जण गप्प होतात. आत जाण्याआधी आयसोलेटरला (वीज पूर्ण तोडणारा मुख्य स्विच) स्वतःचं कुलूप लावा आणि किल्ली खिशात ठेवा, साहेबाच्या टेबलावर नको.

१८. रोबो माणसांच्या नोकऱ्या खातात. उद्या एआय टेक्निशियनचीही खाईल ना?

लाइनवरच्या काही नोकऱ्या जातात, हे नाकारण्यात अर्थ नाही. वेल्डिंग आणि लोडिंगवरची माणसं कमी होताना दिसतात, आणि ती सगळीच टेक्निशियन होत नाहीत. दुसरीकडे, आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या मोजणीनुसार भारतात २०२३ मध्ये ८,५१० औद्योगिक रोबो बसले आणि २०२४ मध्ये सुमारे ९,१००. यातला प्रत्येक कुणाला तरी बसवावा, सांभाळावा लागतो. एआय लॅडर लिहून देईल, अलार्मचा अर्थ सांगेल. केबल चेनमध्ये हात घालून तुटलेली तार ते शोधणार नाही. धोका आहे तो फक्त प्रोग्रॅमची नक्कल करणाऱ्याला.

१९. जर्मनी किंवा आखाताचं काय?

आखातात मागणी मुख्यतः तेल-वायूतल्या इन्स्ट्रुमेंट टेक्निशियनची. एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का ते बघा; त्याला ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. लाख-दोन लाख मागणारा फसवतो आहे.

जर्मनीचं दार दोन बाजूंनी उघडतं. एक, मेकॅट्रॉनिक्सचं साडेतीन वर्षांचं औसबिल्डुंग (जर्मनीतलं कामासोबतचं व्यवसाय प्रशिक्षण), ज्यासाठी बहुधा बी१ (मध्यम) पातळीपर्यंत जर्मन भाषा लागते. दोन, मार्च २०२४ पासूनचा अनुभवाधारित व्हिसा: भारतात मान्यता असलेलं किमान दोन वर्षांचं शिक्षण, गेल्या पाच वर्षांतला दोन वर्षांचा अनुभव आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पगाराची ऑफर. इथेही एक वर्षाचा ट्रेड अडतो, प्रश्न ३ पाहा. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे, पण त्याच्या नावाखाली पैसे मागणारे फोन खरे मानू नका. अनुभवपत्रावर पद, तारखा आणि कामाचं स्वरूप स्पष्ट लिहून घ्या, आणि ते नोकरी सोडतानाच घ्या. कंपनी बंद पडल्यावर किंवा ठेकेदार बदलल्यावर ते मिळवणं फार जड जातं.